टिकलीच्या वर

मित्रांनो, पाच लिटरचा एक जुना प्लास्टिकचा कॅन तुमच्याशी बोलतो आहे. माझा जन्म मसाटच्या कारखान्यातला. सोबतची भावंडं तेलाला, सरबताला गेली. मी सिल्वासाच्या एका लॅबमध्ये चोवीस तासांची लघवी सांभाळायला लागलो. माझं कौतुक कोणी केलं नाही. मला घरी नेणारे वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या गल्लीने नेतात.

गेल्या महिन्यात मी खडोलीला बायडाबाईंच्या खोलीवर गेलो. त्यांची केमो चालू होती. अंगात लोह नाही, रक्त नाही. लॅबच्या धनश्री मॅडमनी मला त्यांच्या हाती देताना बजावलं, "तुमच्या अंगावर मांस उरलं नाही, म्हणून रक्ताच्या रिपोर्टात किडनी चांगली दिसते. त्याच्यावर भरवसा नको. चोवीस तासांची सगळी लघवी आणा. सोमवारचा डोस त्यावर ठरणार. जास्त झाला, तर किडनी कामातून जाईल."

तेव्हापासून मला चैन नाही.

बायडाबाईंनी थेंब सांडू दिला नाही. दुसऱ्या सकाळी शेवटची भर घालून त्यांनी कपाळावरची टिकली माझ्या पोटावर, बरोबर पातळीला चिकटवली आणि आंघोळीला गेल्या. तेवढ्यात त्यांचे यजमान झिपरू आले. ते कंपनीत ड्रम भरतात. त्यांनी मला उचलून हलवलं.

"इतलाच माल? पार्टी रिटर्न मारंल."

आणि नवरा-बायकोत कसला भेद, या उदार विचाराने त्यांनी स्वतःची भर घातली. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त भरण्यासाठी. मी डचमळलो. कोणी दखल घेतली नाही.

लॅबमध्ये मॅडम आकडा लिहिणार, तोच बायडाबाई वाकल्या.

"थांबा ताई. टिकली हितं, मंग हे वर कसं चढलं?"

सोबत आलेले झिपरू भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"अवो, तुम्हाले इचारते मी!"

"कमी दिसत व्हतं ना. म्हटलं, डॉक्टर म्हनतीन बाईची किडनी बसली."

"मंग केमोबी निम्मी तुम्हीच घ्या!"

मॅडम हसल्या नाहीत. या भरीने किडनी धडधाकट दिसली असती आणि डोस जास्त ठरला असता. त्यांनी मला मोरीत पालथं केलं. पुन्हा चोवीस तास. या वेळी झिपरूंना बायडाबाईंनी माझ्यापासून चार हात लांब बसवलं होतं. आकडा खरा आला, म्हणजे वाईट आला. किडनी निम्मीच चालत होती. डोस कमी झाला. बायडाबाई अजून येतात, सुई टोचून घेतात आणि बाकावर बसून झिपरूंना टोचतात.

टिकली काथ्याने घासूनही निघालेली नाही. मित्रांनो, मला स्वच्छ धुवा, सावलीत ठेवा, झाकण घट्ट लावा. आणि घरच्या माणसावर माया कितीही असली, तरी ती माझ्यात घालू नका.