मोजून दिलेली माया

मी वजनकाटा बोलतोय. एरवी मी नुसते आकडेच बोलतो, तेही विचारल्याशिवाय नाही. पण आज मनातलं सांगितल्यावाचून राहवत नाही. भाजी तोलणारा धट्टाकट्टा काटा डोळ्यांसमोर आणू नका. मी वहीएवढा, चपटा, ग्रॅमचा दहावा भागही न चुकवणारा. आणि थोडा गर्विष्ठ, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका कॉलेजच्या रसायनशाळेत. तिथे मला माणसांची एक खोड कळली. काटा दिसला की प्रत्येकाला त्यावर आपलं काहीतरी ठेवून बघायचंच असतं. कुणी अंगठी ठेवायचं, कुणी खोडरबर. एका सरांनी तर स्वतःचा पिकलेला केस ठेवला होता. मी शून्य दाखवलं. त्यांना फार बरं वाटलं.

मग नवे काटे आले आणि माझी रवानगी लस शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत झाली, तीही उंदरांच्या खोलीत. पहिले काही दिवस मी नाक मुरडलं. उंदीर अंगावर आला की हमखास तिथेच आपला कार्यभाग उरकायचा! पण त्या खोलीत मामा भेटले आणि माझा जीव रमला.

मामा उंदरांची देखभाल करायचे. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची. मास्क आणि हातमोजे चढवून ते एकेक उंदीर अलगद उचलायचे, माझ्यावरच्या वाटीत ठेवायचे आणि म्हणायचे, "बस रे बाळा जरा. फोटो नाही काढत तुझा."

गेल्या हिवाळ्यात मामी फ्लूने गेल्या. दरवर्षीची लस वेळेवर टोचून घेतली होती, तरी गेल्या. कामावर परतल्यावर मामांनी ताईंना विचारलं. ताई म्हणजे इथल्या शास्त्रज्ञ, मामांच्या लेकीच्या वयाच्या.

"ताई, लस घेऊनही ती कशी गेली हो?"

ताईंनी टेबलावरची टाचण्या खोचायची उशी पुढे ओढली. "मामा, हा समजा फ्लूचा विषाणू. आपली लस शरीराला या टाचण्यांची डोकी ओळखायला शिकवते. पण हा लबाड दरवर्षी डोकी बदलतो. यंदा तो अंदाजच चुकला."

"मग?"

"खालचा दांडा मात्र तो फारसा बदलत नाही. म्हणून आम्ही डोकी छाटून नुसते दांडे घेतलेत आणि एका अतिसूक्ष्म कणावर चहूबाजूंनी बसवलेत. नॅनोकण म्हणतात त्याला. शरीराने दांडाच ओळखला, तर डोकं कुठलंही येऊ दे."

मामांनी ती उशी जागेवर सरकवली. "लवकर करा," एवढंच म्हणाले.

चाचणी सुरू झाली. पिवळ्या चिठ्ठीचे वीस उंदीर, निळ्या चिठ्ठीचे वीस. एका रंगाला लस, दुसऱ्याला नुसतं खारं पाणी. कोणाला काय, ते पाकिटात बंद. मग सगळ्यांनाच वेगळ्या डोक्याचा फ्लू दिला. फ्लू झालेला उंदीर खात नाही, वाळत जातो, म्हणून रोज सकाळी त्यांचं वजन करायचं. लस कामाची की बिनकामाची, ते माझ्या आकड्यांवर ठरणार होतं. मी नुसता फुगून गेलो होतो!

तीन दिवसांत निळे भराभर उतरले, पिवळे जागच्या जागी राहिले. ताईंची कळी खुलली. चौथ्या दिवशी त्या निघून गेल्यावर मामा निळ्या पिंजऱ्यांपुढे थांबले. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. खाण्याच्या कडक गोळ्या कुरतडायचं त्राणच नव्हतं त्यांना. मामांनी त्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवल्या, चमच्याने कालवल्या आणि निळ्यांपुढे ठेवल्या.

"खा रे. तिलाही शेवटी घास उतरत नव्हता."

मी समोरच होतो. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवसापासून निळे सावरू लागले. मी दाखवलेला प्रत्येक आकडा खरा होता आणि तरी ताईंना फसवत होता. खाणं कोणी घातलं, हे मला सांगता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

दहाव्या दिवशी ताई वही मिटून म्हणाल्या, "मामा, निळे आपोआपच बरे होतायत. म्हणजे लस असली काय, नसली काय, सारखंच. सोमवारी प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला सांगते, काम बंद करा."

मामांनी हातातला पिंजरा खाली ठेवला. "थांबा ताई. ते आपोआप नाही सावरले. मी मऊ कालवून घालतोय त्यांना, चौथ्या दिवसापासून. फक्त निळ्यांनाच."

ताई भडकल्या. "काय केलंत हे मामा! सगळा प्रयोग पाण्यात गेला. आता पुन्हा करायचा म्हणजे अजून चाळीस उंदीर आजारी पाडायचे!"

"अजून चाळीस?" मामांनी पिंजऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं. "माझ्यामुळे?"

त्यांचा चेहरा बघून ताईंचा राग ओसरला. "चूक माझीही आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आजारी जिवाला मऊ खाणं द्यायचं, हे मीच नियमात लिहायला हवं होतं. पण दोन्ही रंगांना, आणि सारखंच."

समितीपुढे ताईंनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मामांना लेखी समज मिळाली आणि ताईंना आणखी एक संधी.

या खेपेला उंदरांच्या आधी खाणं माझ्यावर यायचं. पिवळ्यांना जेवढं, तेवढंच निळ्यांना. पण मऊ खाऊनही निळे वाळतच गेले. काही फारच खंगले, तेव्हा ताईंनी त्यांना इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवलं. त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही. पिवळे थोडे घसरले आणि सावरले. पाकीट उघडलं, तर लस पिवळ्यांनाच होती.

"माणसांना कधी?" मामांनी विचारलं.

"अजून बरीच वर्षं, मामा. उंदरांत जमलं म्हणून माणसांत जमेलच, असंही नाही."

"असू दे. मी कुठे चाललोय?"

आता मी थकलोय. माझा दहावा भाग चुकतो, म्हणून उंदरांसाठी नवा काटा आलाय. मला भंगारात टाकायला निघाले होते, पण मामा आडवे आले. "खाणं मोजायला चालतो की हा!"

तेव्हा वाचकहो, माझं एकच मागणं आहे. कधीकाळी ही लस तुमच्या दंडात टोचली गेलीच, तर दंड चोळताना त्या जास्तीच्या चाळीसांची आठवण काढा. मामा रोज काढतात. जे उंदीर जास्त वाळलेत, त्यांच्या वाटीत त्यांचा चमचा अजूनही थोडा जास्तच भरतो. मग ते माझ्याकडे बघतात, आणि जास्तीचं काढून घेतात.