निळी टाकी

मित्रांनो, कटंगीजवळच्या एका गावात, गोठ्यामागे जो जुना निळा ट्रॅक्टर उभा आहे, तो मी. माझी डिझेलची टाकी माझ्याजवळ नाही. ती कुठे गेली, ते सांगतो.

१९५६ साली मी मालगाडीतून बालाघाटला उतरलो. महागूने मला घरी आणले. त्याच्या बायकोने, शेवंताबाईने, मला हळदकुंकू लावले. पुढच्याच वर्षी महागू तापाने गेला. मुलगा भोजराज लहान होता. शेवंताबाई लुगड्याचा काष्टा आवळून स्वतः माझ्यावर बसली. लोक हसले. पहिल्याच दिवशी आम्ही चिखलात रुतलो. पण पुढे हसणाऱ्यांची शेतेही भातासाठी आम्हीच चिखलली. नांगरताना ती माझ्याशी बोलायची. तसे कौतुक पुन्हा वाट्याला आले नाही.

भोजराज मोठा झाला आणि त्याने लाल ट्रॅक्टर आणला. माझ्याच कंपनीचा. दसऱ्याला झेंडूची माळ त्याला मिळाली. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. उभ्याउभ्या माझे इंजिन जाम झाले. "याले दुरुस्त करून घेऊ," असे शेवंताबाई दरवर्षी म्हणायची. लाल ट्रॅक्टरचा मऊ आवाज मला ऐकवत नसे. त्याचे चाक रुतले की मला बरे वाटे.

एका आषाढात, ऐन रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, तो नाल्यातल्या दगडांवर घसरला आणि त्याची टाकी फाटली. मी खूश झालो. भोजराज दुलीचंद मिस्त्रीला घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा वाटले, आली माझी पाळी!

"बालाघाटात टाकी नाही भेटली," भोजराज म्हणाला. "धानाचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडून राह्यले. ह्याचीच काढून त्याले लावून दे."

त्याला? मी टाकी सोडली नाही. पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. दुलीचंदने घासलेट ओतले, पाना लावला. पाना सटकला, त्याची बोटे सोलली. भोजराजने पहार घालून हिसके दिले. मी सगळा हललो, टाकी हलली नाही.

"गॅसनं तापव रे," भोजराज चिडून म्हणाला.

शेवंताबाई धावत आली. "काहून जीव देतं? आत डिझेलचा वास भरून हाय. भडका होईन!"

"हौ काकी," दुलीचंद म्हणाला. "आत पाणी भरून छिन्नीनंच तोडा लागते. पण टाकीची बैठकही तुटन. मंग हा ट्रॅक्टर कधी चालणार नाही."

बांधावर रोवणाऱ्या बाया खोळंबल्या होत्या. "माय, सांग ना," भोजराज हळूच म्हणाला.

शेवंताबाईने माझे स्टीअरिंग धरले. "तोड," ती म्हणाली. टाकी निघेपर्यंत तिने हात काढला नाही.

संध्याकाळी लाल ट्रॅक्टर चिखलाने माखून परतला. त्याच्या अंगावर माझी निळी टाकी होती. शेवंताबाई त्याच्याकडे गेली. माझा जळफळाट झाला. तिने पदराने टाकी पुसली. फक्त टाकी. लाल रंगावरचा चिखल तसाच राहू दिला.

त्या दिवसापासून लाल ट्रॅक्टरचा मला हेवा वाटत नाही. माझ्या टाकीचा वाटतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा कामाचा भाग खुशाल काढून न्या. पण जे मागे उरते, त्याच्यावर पावसाळ्यात एक पोते तरी टाका.