होडीची डावी बाजू

कॅसिमिर डुडेकनं अकरा वर्षं दारांच्या मुठी काढल्या. डेट्रॉइटच्या ब्रॅडहर्स्ट मोटर कंपनीत गाडीचं रूप ठरवणारा एक विभाग होता, तिथं कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तो मुठी रेखाटायचा. लोक रोज त्या मुठी धरून गाडीत बसायचे आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बाराव्या वर्षी त्याला जाळी मिळाली. जाळी म्हणजे गाडीचं तोंड. कॅसिमिरनं असं तोंड काढलं, की विभागप्रमुख प्रेंटिससाहेब त्याच्यासमोर पाच मिनिटं गप्प उभे राहिले. साहेब तोवर जेवतानासुद्धा गप्प बसलेले कुणी पाहिले नव्हते.

बेचाळीसच्या मॉडेलला ती जाळी लागली. एकोणीस आडव्या पट्ट्या, सगळ्या क्रोमच्या, कडेला अशा वळलेल्या की गाडी हसू दाबतेय असं वाटावं. एक्केचाळीसच्या सप्टेंबरात गाडी बाजारात आली. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि सरकारी हुकूम निघाला: क्रोम लढाईला हवं, नव्या वर्षापासून बंपर सोडून गाडीवर काही चमकता कामा नये. गोदामात मुलामा चढवून तयार असलेल्या जाळ्यांचं काय करायचं? त्या लावा, पण रंग मारून. नाहीतर ज्याच्या गोदामात माल पडलाय तो चमकेल आणि बाकीचे तोंड लपवत फिरतील. म्हणजे क्रोम वाचणार नव्हतं. फक्त दिसणार नव्हतं.

रंग निवडायचं काम कॅसिमिरकडेच आलं. त्यानं राखाडी निवडला, कारण दुसरा पर्याय शेवाळी होता.

सासूबाईंनी कारखान्याच्या फाटकाशी ती गाडी पाहिली. सासूबाई पोलंडातल्या खेड्यातून आलेल्या. डेट्रॉइटलगतच्या पोलिश वस्तीत, हॅमट्रॅमिकमध्ये, तीस वर्षं राहूनही त्यांना अमेरिका तात्पुरती वाटायची.

"जावईबुवा, हे तुम्ही केलंत?"

"हो, आई."

"चूल आहे."

"जाळी आहे, आई."

"आमच्या गावी होती अशीच. तिच्यात राख साठायची." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "स्टेफा, बारा वर्षं शिकून चूल काढली गं यानं."

फेब्रुवारीत गाड्या बनणंच थांबलं. कारखान्यात तोफांची चाकं बनू लागली आणि विभागातले निम्मे चित्रकार सैन्यात गेले. कॅसिमिरच्या कागदावर 'युद्धकार्यासाठी अत्यावश्यक' असा शिक्का पडला, म्हणून तो मागे राहिला. शिक्का गेला तर पंधरा दिवसांत तोही आघाडीवर. चष्मा काढला की त्याला स्टेफा आणि कपाट यांतला फरक बोलल्याशिवाय कळत नसे. शत्रू बोलेलच याची खात्री नव्हती.

त्रेचाळीसच्या वसंतात प्रेंटिससाहेबांनी त्याला बोलावून दार लावलं.

"लढाई आज ना उद्या संपणार. त्या दिवशी ज्याच्याकडे नवी गाडी तयार, तो जिंकला. पूर्ण आकाराचं मातीचं मॉडेल करायचं. तोंड तुझं. या खेपेला राखाडी नाही."

"पण साहेब, हुकूम आहे. युद्धकामाची माणसं नि माल खाजगी गाडीवर लावायचा नाही."

"म्हणून कागदावर ती गाडी नाहीच. सैनिक किनाऱ्यावर उतरवायची होडी आहे. अभ्यास क्रमांक चार. इथं सही कर."

"माझी सही?"

"कल्पना तुझी, सही तुझी, अभिमान माझा."

"आणि पकडले गेलो तर?"

"तर सही तुझी," साहेब प्रेमानं म्हणाले.

कॅसिमिरनं सही केली. ते एकोणीस पट्ट्यांचं हसू एकदा तरी उजेडात यावं, म्हणून. त्या दिवसापासून त्याला कोबीचं सूप पचेनासं झालं.

माती लावायला उगो फालास्का होता. इटलीत असताना तो थडग्यांवरचे देवदूत कोरायचा. त्याच्या मते देवदूत आणि मडगार्ड यांत फरक एवढाच, की मडगार्डाची तक्रार करायला गिऱ्हाईक जिवंत असतं. दोघं भट्टीत मेणमाती गरम करायचे, गंधकाच्या वासानं खोली भरून जायची, आणि लाकडी सांगाड्यावर थरावर थर चढवत पाच महिन्यांत गाडी उभी राहिली. कॅसिमिरनं जाळीच्या पट्ट्यांवर चंदेरी वर्ख डकवला. उगोनं डोक्यावरची टोपी काढली.

"पोरा, हिच्याखाली पुरलेलं चालेल मला."

मग एका सोमवारी निरोप आला: सैन्याचे तपासनीस कॅप्टन ऑर्व्हिल टटल उद्या दहाला अभ्यास क्रमांक चार पाहायला येताहेत.

"होडी करा तिची," साहेब म्हणाले आणि दाढ दुखतेय म्हणून घरी गेले.

एका दिवसात अख्ख्या गाडीची होडी होत नाही. उगोनं उजवी बाजू धरली: चाकं बुजवली, दारं पुसली, नाक वर उचललं, बाजूला नांगराची कडी काढली. दुपारपर्यंत उजवीकडून ती होडी झाली होती, आणि बरी होडी झाली होती. मग कॅसिमिर माती खरवडायचा पत्रा घेऊन डाव्या बाजूला वळला, तेव्हा उगो आडवा आला.

"तिला हात नाही लावायचा."

"उगोकाका, अहो, मला आघाडीवर पाठवतील!"

"मालकाच्या सांगण्यावरून मी एकदा देवदूताचा पंख तोडला होता. पुढल्या आठवड्यात मालक मेला. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

शेवटी तोड निघाली. आमच्या धंद्यात एकाच मॉडेलच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या करायची रीत जुनीच आहे, उगो म्हणाला. होडी दाराकडे, गाडी भिंतीकडे. मध्ये इतकीच जागा की माणूस घुसणार नाही. कॅप्टन दारातून येईल, होडी बघेल, जाईल. ताडपत्री टाकायचा विचार झाला, पण कारखान्यातल्या सगळ्या ताडपत्र्या लढाईवर गेल्या होत्या. कॅसिमिरनं दाराशी उभं राहून, मग खिडकीशी उभं राहून, मग गुडघ्यावर बसून पाहिलं. कुठूनही होडीच दिसत होती. तो रात्रभर जागा राहिला आणि स्टेफाला म्हणाला, सगळ्याचा विचार केलाय.

टटल बुटका होता, चेहरा पेंगुळलेला. त्यानं होडीभोवती, म्हणजे जिथवर जाता येत होतं तिथवर, एक फेरी मारली. नांगराच्या कडीवर बोट फिरवलं. "छान," म्हणाला. मग तो नाकाच्या टोकाशी गेला, समोर पाहिलं, आणि टायची गाठ सारखी करू लागला.

टायची गाठ माणूस कशात बघून सारखी करतो?

भिंतीला आरसा होता. अख्ख्या भिंतीएवढा. अर्ध्याच गाडीचं मॉडेल करायचं आणि आरशाला टेकवून पूर्ण पाहायची, ही या खोलीतली नेहमीची पद्धत. इतकी वर्षं तो आरसा तिथंच होता. त्या दोघांच्या लेखी तो आरसा उरलाच नव्हता. ती गाडीची उरलेली बाजू होती. एखाद्याला आपलं नाक दिसू नये, तसा त्यांना तो दिसला नव्हता.

टटलचा हात टायवर थांबला होता. आरशात एक लांबलचक, देखणी, चंदेरी हसणारी मोटार उभी होती.

"डुडेक."

"सर."

"ही होडी मागच्या बाजूनं गाडीसारखी का दिसते?"

कॅसिमिरला स्वतःचा आवाज लांबून ऐकू आला. "शत्रूला फसवायला, सर."

"समुद्रात?"

"तिथं त्याला अपेक्षाच नसते, सर."

उगोनं छातीवर क्रूस काढला. टटल आरशाकडे बघत राहिला.

"मी टोलेडोला गाड्या विकायचो," टटल म्हणाला. "तुमच्याच. आता शोरूममध्ये बायकोनं कोंबड्या ठेवल्यात. काचेतून लोक बघतात त्यांना. दुसरं बघायला काही नाही." तो वाकला. "बेचाळीसची जाळीही तुझीच का? राखाडी?"

"जाळी माझी, सर. रंग सरकारचा."

"एक बाई तो रंग नखानं खरवडत बसली होती. मी म्हटलं, बाई, हे काय चाललंय? तर म्हणाली, खाली कुणीतरी हसतंय." एवढं बोलून त्यानं वही काढली, भरपूर लिहिलं, वही मिटली, आणि काय लिहिलं ते न सांगता निघून गेला.

पुढचे तीन आठवडे कॅसिमिर टपालवाल्याची वाट बघत जगला. दारावर टकटक झाली की तो चष्मा खिशात घालायचा. का, ते त्याला सांगता आलं नसतं. सासूबाईंनी त्याच्या पानातल्या पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, उचलून स्वतःच्या पानात घेतल्या. "वाया जायला नको," म्हणाल्या. "जाणारा जातो, अन्न राहतं."

अहवाल आला. साहेबांनी तो दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरला होता. 'अभ्यास क्रमांक चार: समाधानकारक. होडीची नाळ (पुढचं टोक) फार उंच आहे. तीन इंच खाली घ्यावी.'

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

कॅसिमिरनं तो कागद तीनदा वाचला. "बॉनेट, साहेब. बॉनेट उंच झालंय म्हणतोय. आणि खरंच झालंय."

त्यांनी बॉनेट तीन इंच उतरवलं. पुढल्या तपासणीनंतर आलं, 'नांगर ठेवायची जागा अपुरी.' डिकी वाढवली. मग, 'खलाशांना चढताना डोकं आपटेल.' छप्पर उचललं. दर अहवालाबरोबर डाव्या बाजूची गाडी सुधारत गेली आणि दर अहवालाखाली कॅसिमिरची सही जमत गेली. एक चोरी पकडली जाणं निराळं. इथं तिची सरकारी शिक्क्यानिशी फाइल तयार होत होती. टटलची बदली झाली तर? त्याच्या जागी कुणी होड्या विकणारा आला तर?

पंचेचाळीसच्या ऑगस्टात वॉशिंग्टनहून थेट पत्र आलं. अभ्यास क्रमांक चारचे उत्तम अहवाल पाहून वरिष्ठ प्रसन्न झाले होते. चोवीस तारखेला ती डेट्रॉइट नदीत तरंगवून दाखवावी.

"तरंगेल?" साहेबांनी विचारलं.

"दोन टन माती आहे, साहेब."

"तरी पण?"

त्याच्या दहा दिवस आधी लढाई संपली. अख्खं शहर रस्त्यावर आलं, भोंगे वाजले. त्या गर्दीत कॅसिमिर डुडेक इतका धाय मोकलून रडला, की तीन अनोळखी बायकांनी त्याला जवळ घेतलं आणि एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मुलगा परत येतोय का?"

"नाही," कॅसिमिर म्हणाला, "होडी."

पुढल्याच आठवड्यात कंपनीनं ठरवलं: नव्या गाडीचे साचे करायला दोन वर्षं लागतील, आणि लोक तर आत्ता पैसे घेऊन दारात उभे आहेत. चाकं असली की पुरे. बेचाळीसचे जुने साचे बाहेर काढा, नाव 'शेहेचाळीस' द्या. उगोनं अभ्यास क्रमांक चार तारेनं कापून पुन्हा भट्टीत घातला. डावी बाजू शेवटी. अडीच वर्षांची भीती तासाभरात वितळली. वास मात्र गंधकाचाच आला.

जुने साचे म्हणजे जुनी जाळी. क्रोम परत आलं होतं. रंग मारायचा नव्हता. पण बंपरचं पोलाद मिळेना, म्हणून गाड्या बंपरच्या जागी लाकडी फळी ठोकून रवाना झाल्या. पोलाद आलं की बदलून देऊ, अशी चिठ्ठी सोबत. फळी नेमकी जाळीच्या खालच्या नऊ पट्ट्यांपुढे येत होती.

कॅसिमिर स्टेफाला आणि सासूबाईंना घेऊन बसनं टोलेडोला गेला. टटलच्या शोरूममध्ये अजून कोंबड्यांचा बारीक वास होता. काचेबाहेर रांग लागली होती. जो येई तो आधी फळीच बघे.

"यंदाची नवी फॅशन आहे," टटल एका गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगत होता. "ओकची."

"छान आहे," गिऱ्हाईक म्हणालं. "गेल्या खेपेला नव्हती."

कॅसिमिर खांबाशी उभा होता. दहा पट्ट्या दिसत होत्या, वरच्या. कुणी नजर उचलत नव्हतं. एक जण वाकला, तो फळीवर टिचकी मारायला. आणखी एक जण टायर बघून गेला.

मग सासूबाई रांग मोडून पुढे गेल्या. रांगेतलं कुणीतरी ओरडलं. त्यांनी पोलिशमध्ये त्याच्या आजोबांबद्दल काही सांगितलं. फळीवर एक हात टेकून त्या वाकल्या आणि जाळीसमोर चेहरा नेला. सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला, पट्ट्यांत बघत केस मागे सारले, रुमाल पुन्हा बांधला, गाठ एकदा डावीकडे, मग जरा उजवीकडे. हे सगळं त्यांनी सावकाश केलं.

मग वळून जावयाकडे पाहिलं.

"चूल घासलीत वाटतं," म्हणाल्या.