दाराशी ठेवलेला कुलर

अकोल्याच्या त्या वाचनालयात चोरी पकडणारं फाटक बसलं, तेव्हा वर्षभर पुस्तकाचं पान न उलटलेले सभासदही ते बघायला आले. फाटक म्हणजे काय, तर दाराच्या आत दोन बाजूंना उभे केलेले दोन पांढरे खांब. पुस्तकाच्या पाठीत चिकटवलेली पट्टी नोंद न करता त्यांच्यामधून गेली, की दिवा लाल होणार आणि भोंगा बोंबलणार. अध्यक्ष कमलाकांत वकिलांना त्याच्यापुढे नारळ फोडायचा होता. ग्रंथपाल सरोजिनीताईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बाहेरच्या पायरीवर फोडायला लावला.

याला कारण होतं. फाटक बसवायला अमरावतीहून आलेला कारागीर प्रीतम त्यांना बजावून गेला होता, "ताई, याले चोराचं भेव नाही, पान्याचं आहे. खालच्या डब्यात याचा सगळा जीव. तिथं ओल गेली का हे येडं झालं समजा."

सरोजिनीताईंनी ते मनावर घेतलं. त्या एखादी गोष्ट मनावर घेत, तेव्हा बाकीच्यांची पळता भुई थोडी होई. खांब कडप्प्याच्या लाद्यांवर उचलून घेतले. वायर आत जाते तिथलं भोक बुजवलं. दारापाशी ओला पोछा बंद केला. पावसाळ्यात छत्र्या बाहेरच्या बादलीत, चपला बाहेर, आणि पायपुसण्यावर पाय घासल्याशिवाय खुद्द वकीलसाहेबांनाही प्रवेश नाही. कुणीतरी हौसेने फाटकाला प्लास्टिकचं कव्हर शिवून आणलं, तर आत घाम धरतो म्हणून तेही परत केलं. अख्खा पावसाळा गेला, पण फाटकाने एकदाही खोटा आवाज काढला नाही. ताईंचा भाव वधारला. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," हे त्या आधी मनातल्या मनात म्हणत. आता चारचौघांत म्हणू लागल्या.

पण वऱ्हाडात पाणी काय फक्त आभाळातूनच येतं?

मे महिना लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. अशा उन्हात दीपमाला यायची. तिच्या बापाचा भाजीचा मळा तेल्हाऱ्याकडे होता. आई सत्यभामा अकोल्याच्या बाजारात बसून ती भाजी विकायची, आणि मायलेकी इथे एका टिनाच्या खोलीत राहायच्या. सकाळी आईला दुकान मांडून द्यायचं आणि दुपारपासून वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, असा पोरीचा नेम. टिनाखाली दुपारी माणूस भाजून निघतं, तिथे अभ्यास कुठला? परीक्षा पुढच्या महिन्यावर आली होती.

ताईंचा तिच्यावर जीव होता. ही पोर एक दिवस अधिकारी होऊन याच दारातून आत येणार, असं त्या बिनदिक्कत सांगत. दुपट्ट्यातून बाहेर आलेला तिचा लालबुंद चेहरा पाहून त्यांना राहवेना. त्यांनी खिडकीतला मोठा कुलर ओढवून दाराशी आणला आणि त्याचं तोंड दीपमालाच्या खुर्चीकडे केलं. वारा फाटकाच्या खांबांना घासूनच तिच्यापर्यंत पोचे. पाणी बोअरचं, त्या भागातलं सगळंच पाणी असतं तसं खारट. त्याने चहा केला तर दूध फाटायचं, आणि कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर आठवड्याभरात मीठ चढायचं. त्याचं कुणाला काय? वारा गार होता.

दीपमालाही फुकटची गार हवा खाणाऱ्यांतली नव्हती. संध्याकाळी आईला मदतीला निघण्याआधी ती बादल्या आणून कुलरची टाकी काठोकाठ भरून ठेवायची. "ताई, तुमी काहून उचलता? मी भरून देतो जाता जाता," म्हणायची. भरलेला कुलर सुरुवातीला वाऱ्याबरोबर थेंबही उडवतो. ते थेंब खांबांवर बसायचे. टाकी भरून झाली की दीपमाला बॅग खांद्याला लावायची आणि त्याच खांबांमधून बाहेर पडायची.

एके दिवशी ती निघाली आणि फाटक बोंबललं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. ताई हसल्या, पोरीनेही हसत हसत बॅग उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी नेमके कमलाकांत वकील पेपर वाचत बसले होते.

"सरोजिनीताई, यंत्राला ओळखपाळख नसते," ते चष्मा काढत म्हणाले. "माणूस खोटं बोलेल, हे बोलणार नाही. बाकी कुणावर का नाही वाजत?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्यांचा सूर होता. ताईंनी बॅग टेबलावर रिकामी करायला सांगितली. वह्या निघाल्या, पाण्याची बाटली निघाली, रिकामा डबा निघाला आणि एक मेथीची जुडी निघाली. ती जुडी पोरीने ताईंसाठीच आणली होती आणि द्यायची विसरली होती. त्या गर्दीत ती द्यावी कशी, ते तिला कळेना. तिने ती परत बॅगेत ठेवली.

वकील म्हणाले, "आज काही मिळालं नाही. पण पुढच्या बैठकीत हिचं कार्ड रद्द करण्याचा विषय घेऊ."

ताईंना त्याच वेळी बोलता आलं असतं. पोरीला त्या चांगल्या ओळखत होत्या. पण फाटक खोटं म्हणायचं, तर आपण एवढं जपलं ते सगळं वाया गेलं म्हणायचं, आणि आपल्या नजरेचाही तोरा उतरवायचा. ते त्यांच्या जिवावर आलं. त्या गप्प बसल्या. इतकंच नाही, तर त्या रात्री घरी पोळ्या लाटताना त्यांच्या मनात आलं, की खरंच नेलं असेल का एखादं? मनात आलं याची त्यांना लाज वाटली. पण आलं ते आलंच.

त्यानंतर दीपमाला रोज निघताना न सांगताच बॅगेची चेन उघडायची, टेबलासमोर धरायची आणि मग फाटकातून जायची. फाटक कधी वाजे, कधी नाही. शेवटी एके संध्याकाळी तिने कुलर भरला आणि आपलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"ताई, झडतीचं मले काही नाही. घ्या ना रोज. पण सगळे पाहून राहिले. माय इचारते, तोंड काहून उतरलं तुयं? मी तिले काय सांगू?"

"अगं, परीक्षा तोंडावर आहे. घरी त्या टिनाखाली..."

"करतो कसाबसा," ती म्हणाली आणि गेली. जाताना फाटक तिच्यावर आणखी एकदा बोंबललं.

दुसऱ्या दिवशी कुलर भरायला कुणी नव्हतं. ताईंनीच पदर खोचला, बादल्या आणल्या आणि टाकी भरली. रिकामी बादली बाहेर ठेवायला त्या दारातून निघाल्या, तोच लाल दिवा लागला आणि भोंगा कानठळ्या बसतील असा वाजू लागला.

वाचनालयातल्या सगळ्या नजरा त्यांच्यावर खिळल्या. एक जण तोंडावर हात धरून हसला. ताईंच्या हातात बादलीशिवाय काही नव्हतं, तरी त्यांना नकळत बादली तिरकी करून आतलं दाखवावंसं वाटलं. ही पोर एवढे दिवस हे कसं सोसत होती?

त्या तिथेच खाली बसल्या. खांबाच्या डब्यावरून बोट फिरवलं, तर ओलं लागलं. कडेला पांढरी भुकटी धरली होती. बोट जिभेला लावलं, तर खारट. मग त्यांनी कुलरकडे पाहिलं, दीपमालाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि सगळं लख्ख कळलं. टाकी भरताच खांबांवर थेंब उडायचे, आणि नेमकी तेव्हा त्यांच्यामधून जाणारी ती एकटीच. आभाळातलं पाणी दाराबाहेर अडवलं आणि हातानं भरलेलं पाणी दाराशी आणून ठेवलं. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

त्यांनी कुलर बंद केला आणि आधीच करायला हवं होतं ते काम हाती घेतलं. कपाटामागून कपाट तपासलं. एकही पुस्तक कमी नव्हतं. चोरी झाली आहे का, हे कुणी बघितलंच नव्हतं. चोर मात्र ठरवून टाकला होता.

प्रीतम आला. त्याने डबा उघडला, तर आतली सर्किटची पाटी गंजून हिरवी पडली होती आणि तारांवर मिठाची बुरशी चढली होती. "पावसाले इतकं जपलं ताई, अन् कुलर दाराशी?" तो हळहळला. त्याने आतलं साफ करून वाळवलं, खराब भाग बदलला. कुलर परत खिडकीत गेला. वकीलसाहेब आले तेव्हा ताईंनी त्यांना ती हिरवी पाटी दाखवली आणि भर वाचनालयात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दीपमालाने काहीही नेलेलं नाही. फाटक बिघडलं होतं, ते माझ्यामुळे बिघडलं, आणि मी तिच्या बाजूने बोलले नाही." वकिलांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि बैठकीतून तो विषय काढून टाकला.

त्याच संध्याकाळी ताई कार्ड घेऊन बाजारात गेल्या. सत्यभामा पालेभाजीवर पाणी शिंपडत बसली होती. दीपमाला मागे पोत्याला टेकून वही वाचत होती. ताईंनी जे भर वाचनालयात सांगितलं होतं, तेच इथे सांगितलं. सत्यभामाने सगळं ऐकून घेतलं. पाणी शिंपडणं काही थांबवलं नाही.

"थे मशीन आहे बाई," ती म्हणाली. "ओल लागली, बोंबललं. त्याले काय कळते? तुमाले त कळत होतं ना?"

"कळत होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

सत्यभामाने मागे वळून पाहिलं. "जाय व पोरी. परीक्षा तुयी आहे, त्याहिची नाही."

दुसऱ्या दुपारी दीपमाला आली. तिची खुर्ची ताईंनी खिडकीशी, कुलरसमोर मांडून ठेवली होती. एकाने तिच्यासाठी पंखा तेवढा जोरात केला. ती संध्याकाळपर्यंत वाचत बसली. मग उठली, बॅग खांद्याला लावली आणि टेबलापाशी येऊन थांबली. चेन उघडून तिने बॅग ताईंसमोर धरली.

"अगं, हे कशाला आता?" ताई म्हणाल्या.

"हो ना," ती ओशाळून म्हणाली. "हात आपोआप गेला, ताई."

ताई खुर्चीतून उठल्या आणि टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आल्या. बॅगेत वर मेथीची जुडी होती, ताजी. त्यांनी ती काढून घेतली आणि चेन लावायला गेल्या, तर एक काडी चेनच्या दात्यांत अडकली. त्यांनी काडी सोडवली, चेन शेवटपर्यंत लावली, आणि एका हातात मेथी, दुसऱ्या हातात पोरीचा हात धरून तिच्यासोबत फाटकातून बाहेर गेल्या. फाटक गप्प होतं.