टाचेतलं इंजिन

कर्जतच्या भिसेगावात टिपणीस सरांच्या घरी एक प्रश्न विचारायला बंदी होती. ‘म्हणजे काय?’ हा तो प्रश्न. एखाद्या पाहुण्याने तो विचारलाच तर गोपाळकृष्ण टिपणीस चष्मा काढून पुसत बसायचे आणि त्यांची बायको उमा पाहुण्याच्या हातात चहाचा कप देऊन त्याला अंगणातली कर्दळ दाखवायला न्यायची. शहाण्याला तेवढं पुरत असे.

सर अतिवास्तववादी कवी. पोटासाठी शाळेत भूगोल शिकवला, पण जीव इकडे. ‘जागेपणाविरुद्ध’ या पुस्तकात त्यांनी आपला सिद्धान्त मांडला होता. माणूस पुरता जागा झाला की खोटं बोलायला लागतो, म्हणून झोपेतून उठता उठता तोंडातून जे निघेल तीच खरी कविता. तिला हात लावायचा नाही आणि तिला अर्थ विचारायचा नाही. पुस्तकाची टिंगल करणारे पुष्कळ निघाले. पण हा माणूस लिहिल्याप्रमाणे जगला, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. तसं जगता आलं ते उमाबाईंमुळे. रोज सकाळी कॅलेंडरचं फाडलेलं पान पालथं करून त्या सरांच्या उशाशी बसत. सर जे पुटपुटतील ते उतरवून घ्यायचं आणि मगच गॅस पेटवायचा. माहेरचे म्हणत, आमची उमा नवऱ्याची झोप लिहिते. त्याही हे हसत हसत सगळ्यांना सांगत.

मधली काही वर्षं मात्र कोरडी गेली. सर उठायचे ते गप्पच. बाईंनी पेन घेऊन बसायचं आणि रिकाम्या हाताने स्वयंपाकघरात जायचं, असं चाललं होतं. गेल्या दिवाळीनंतर एकदम झरा फुटला, आणि तोही नुसता सकाळचा नाही, दिवसभराचा. समोरच्या चहाकडे बघून सर म्हणत, “पश्चिम गार झाली.” चष्मा शोधताना म्हणत, “माझ्या खिडक्या कुणी नेल्या?” एकदा बाथरूमच्या दाराशी उभे राहून म्हणाले, “या गावाचा रस्ता पुसलाय.” उमाबाईंना आनंद मावेना. शेजारणींना त्या सांगत सुटल्या की आमच्या ह्यांना आता जागेपणीही सुचतं.

मुलगा मिहीर कुंभिवलीच्या एका कारखान्यात नोकरीला. तो रविवारी आला की वडिलांचं बोलणं मोबाइलवर टिपायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. अशाच एका रविवारी सर पलंगावर बसून म्हणाले, “माझ्या टाचेत घाटाचं इंजिन थांबलंय. कुणी सोडवत नाही.” घाट चढवायला गाडीला मागून जादा इंजिन जोडतात, त्याची धडक कर्जतकरांच्या हाडात बसलेली असते. वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. ज्यांनी सरांची एक ओळ वाचली नव्हती ते एकमेकांना टाचेतलं इंजिन पाठवू लागले. पुढे सर रोज तेच म्हणू लागले, तेव्हा उमाबाई म्हणाल्या, ह्यांना ध्रुवपद सापडलं. सर लंगडायला लागले तेव्हा म्हणाल्या, वय झालं. थंडी सरली तरी सर पायमोजे काढू देईनात. तेव्हा म्हणाल्या, कवीचा हट्ट.

कळंबच्या एका रिसॉर्टचा मालक संतोष याने सरांचा सत्कार ठरवला. दुपारचा कार्यक्रम, शहरातून आलेली मंडळी, मागे भला मोठा फ्लेक्स आणि त्यावर तीच ओळ. सरांच्या गळ्यात हार घालून संतोष माइकवर म्हणाला, “आमाला यातलं फार कळत नाय. पण ऐकलं की आत कायतरी हलतं.” मग त्याने सरांकडे वळून अगदी भाबडेपणाने विचारलं, “सर, ते इंजिनाचं म्हंजे नक्की काय हाय?”

पहिल्या रांगेत उमाबाई ताठ झाल्या. सर मात्र संतोषकडे बघत राहिले. त्यांनी चष्म्याला हात लावला नाही.

“दुखतंय,” ते म्हणाले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ‘वा’ म्हटलं. सवयीने उमाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर शब्द लिहिला. टाळ्या ओसरेपर्यंत सर थांबले. मग त्यांनी पहिल्या रांगेत बायकोला शोधून काढलं.

“उमा, दुखतंय गं.”

या वेळी टाळ्या अधिक जोरात पडल्या. उमाबाईंनी मांडीवरचा शब्द वाचला आणि त्यांचे कान तापले. इतकं साधं मराठी. त्या उठल्या, व्यासपीठावर गेल्या, सगळ्यांसमोर सरांच्या पायाशी खाली बसल्या आणि त्यांनी बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. तो सोडवताना सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. टाचेची भेग आतपर्यंत पिकलेली होती आणि तिचा वास पुढच्या रांगेपर्यंत गेला. मागच्या रांगांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग. त्यांनी मोबाइल वर केले. मिहीरचाही वरच होता. त्याला ते कळलं तेव्हा त्याने हात खाली घेतला, पण आईकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही.

कर्जतला येईपर्यंत गाडीत सरांचा पाय मांडीवर घेऊन उमाबाई एकेक वाक्य आठवत होत्या. पश्चिम गार झाली, म्हणजे चहा दुसरा दे. खिडक्या म्हणजे चष्मा. बाथरूमच्या दारातला तो पुसलेला रस्ता आठवला तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ त्यांनी शेजारणीला दोनदा वाचून दाखवली होती, आणि सर तोवर ओल्या धोतरात उभे होते.

डॉक्टरांनी जखम बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“हे कालपरवाचं नाही. एवढं ठणकत असताना यांनी घरात सांगितलं कसं नाही?”

“सांगत होते,” उमाबाई म्हणाल्या. “रोज सांगत होते.”

“मग तुम्ही काय केलंत?”

मिहीर दाराकडे वळला. उमाबाईंनी सरांचा पाय सोडला नाही.

“मी लिहून घेत होते,” त्या म्हणाल्या.