कळंबचं शांत घर

रेमंडला सगळं आधी ठरवून मग विचारायची सवय. आईला म्हाताऱ्यांच्या कुठल्या होममध्ये ठेवायचं तेही त्याने असंच ठरवलं आणि वर बहिणीला म्हणाला, की ताई, तू बघून घे, तुला पटलं तरच पुढे जाऊ. म्हणजे नाही पटलं तर प्रिसिला आडमुठी, आणि पटलं तर रेमंड हुशार. पन्नास वर्षं ती या धाकट्या भावाला ओळखून होती, तरी दर वेळी तिचं डोकं तितकंच फिरायचं.

आई म्हणजे पाचूबंदरची मॅग्डलीनबाय. चाळीस वर्षं वसईच्या बाजारात मासे विकलेली बाई. तिने हाक मारली की रस्त्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक वळायचं. आता तीन वर्षं झाली, माणसं विसरली, वार विसरली, प्रिसिलालाच कधी कधी आपली मेलेली बहीण समजायची. आवाज मात्र खणखणीत राहिला. ताटात वांग्याची भाजी वाढली तरी ती तिचा भाव सांगायची. दारावरून कुणी गेलं की पापलेट ताजं असल्याचं ओरडून कळवायची, आणि नाही थांबलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

एवढंच असतं तर प्रिसिलाने निभावलं असतं. पण फेब्रुवारीत एका सकाळी आई ओहोटीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून होडीची वाट बघत उभी राहिली. बंदरावरच्या माणसांनी ओढून काढलं म्हणून वाचली. प्रिसिला दिवसभर शाळेच्या ऑफिसात, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. सांभाळायला तीन बाया ठेवून झाल्या, तिन्ही आठवड्याच्या आत पळाल्या. रेमंडच्या वसई रोडच्या फ्लॅटमध्ये जागा होती, पण तिथे आईच्या आवाजाची शेजारी तक्रार करतात म्हणे. शेजाऱ्यांचं नाव पुढे करायला काय जातं! शेवटी प्रिसिलाने होमला होकार दिला.

पहिलं घर तिनेच शोधलं होतं, मनवेलपाड्यात. विनिता नावाची बाई, वीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली. तळमजल्यावरची दोन घरं एक करून तिथे सात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची. आत शिरल्या शिरल्या कुकरची शिट्टी, रेडिओ, बोंबील तळल्याचा वास, आणि चहा कमी दिला म्हणून एक आजी विनिताला फैलावर घेत होत्या. दाराजवळच्या खुर्चीत जयवंतकाका, जन्मभर रेल्वेत कारकुनी केलेले. मॅग्डलीनबायने त्यांच्यासमोर रिकामे हात धरले आणि पापलेटाचा भाव सांगितला. काकांनी चष्मा वर केला, रिकाम्या हातांकडे नीट बघितलं आणि म्हणाले की एवढंसं पापलेट आणि असा भाव, बाई, तुम्ही लुटायलाच बसलात की काय. झालं! आईच्या अंगात वारं शिरलं. पंधरा मिनिटं दोघांची घासाघीस चालली. विनिता मध्ये पडली नाही. उलट जाता जाता काकांनाच म्हणाली, की घ्या हो, ताजं दिसतंय.

रेमंड कानापर्यंत लाल झाला. बाहेर येऊन म्हणाला, हे होम आहे का, मासळीबाजार आहे नुसता. चर्चच्या कौन्सिलवर बसणारा माणूस तो, आईने आयुष्यभर मासे विकले हे त्याला लोकांसमोर आठवायला नको असायचं. प्रिसिलाने त्याला तिथेच झापायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिचंही डोकं दुखत होतं, पॅसेजमध्ये वाळत घातलेल्या चादरी तोंडाला लागल्या होत्या, आणि तिला वाटलं, जरा शांत जागा मिळाली तर बरं. ती म्हणाली, दुसरं बघू. हे दोन शब्द पुढे तिला फार लागले.

दुसरं म्हणजे कळंबचं. किनाऱ्याजवळचा बंगला, भोवती सुरूची झाडं, अंगणात मरियामातेची ग्रोटो, दगडी गुहेत बसवलेली मूर्ती. रेमंडला ते जेन्सनने सुचवलं होतं. जेन्सन म्हणजे पाचूबंदरच्या त्यांच्याच गल्लीतल्या क्लेमेंटीनबायचा मुलगा. त्याने वर्षभरापूर्वी आईला तिथे ठेवलं होतं आणि चर्चबाहेर भेटेल त्याला सांगत असायचा, की आई आता इतकी शांत झालीय, देवाची कृपा. रोज संध्याकाळी साडेपाचला रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, होते हेही त्यानेच सांगितलं. रोझरीचं ऐकून रेमंड विरघळला. त्याने फॉर्म आणून निम्मा भरूनही ठेवला.

आईला गाडीत बसवून ते तिथे गेले तेव्हा डायना मॅडम दारातच उभ्या होत्या. हे घर त्या चालवायच्या. लाद्या चकचकीत, खिडक्यांना पांढरे पडदे, कसलाही वास नाही. हॉलमध्ये सहा खुर्च्या एका रांगेत आणि खुर्च्यांत सहा जणी, केस विंचरलेल्या, हात मांडीवर. कुणी भांडत नव्हतं, कुणी चहा मागत नव्हतं. प्रिसिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणाली, अशी शांतता मिळाली तर आईलाही बरं वाटेल. आईलाही म्हणे!

साडेपाचला डायना मॅडमनी स्पीकर लावला. त्यातूनच रोझरी सुरू झाली. सांगणारा आवाज त्यातलाच, आणि उत्तर देणारे आवाजही त्यातलेच. प्रिसिलाला ते खटकलं. त्यांच्या गल्लीत मे महिनाभर क्रुसापाशी रोझरी व्हायची आणि ती माणसांनी सांगायची असते. एकाने नमो मरियेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला म्हणून उत्तर द्यायचं. लहानपणापासून ही सवय इतकी मुरते, की माणूस पोटची पोरं विसरतो पण पहिला भाग कानावर पडला की दुसरा तोंडातून येतोच. ती मॅडमना म्हणाली, ते बंद करा, आज मी सांगते. मॅडमनी कशाला उगाच म्हटलं, पण रेमंडच खूश होऊन म्हणाला, ताई छान सांगते.

प्रिसिलाने क्रुसाची खूण केली, गळ्यातली माळ हातात घेतली आणि पहिला भाग म्हटला. मग थांबली.

एकच आवाज आला, मॅग्डलीनबायचा. अख्खं उत्तर, एकही शब्द न गाळता, बाजारात द्यावं तसं मोठ्याने. बाकी हॉलमध्ये काहीच नाही. प्रिसिलाने दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. सहा जणी बसून होत्या. एकीच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. तेवढ्यात मॅग्डलीनबाय उठली आणि रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"ही क्लेमू," ती म्हणाली. "ही का गो बोलत नाय?"

तेव्हा कुठे प्रिसिलाने तो चेहरा ओळखला. क्लेमेंटीनबाय! ओट्यावर मासे साफ करता करताच रोझरीला उत्तर देणारी, तेही सांगणाऱ्याचं संपायच्या आधीच, इतकी की फादरनी एकदा तिला सगळ्यांसमोर दम भरला होता, की बाई, देवाला श्वास तर घेऊ दे. ती बाई तोंड उघडं टाकून, डोळे अर्धे मिटून बसली होती. प्रिसिला तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, तिचा थंड हात धरला आणि अगदी कानाशी पुन्हा म्हटलं. क्लेमेंटीनबायचे ओठ जरासे हलले. आवाज आला नाही.

प्रिसिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून तिने मॅडमना विचारलं, यांना काय देता. मॅडम जराही गडबडल्या नाहीत. हलकीशी गोळी असते, दुपारच्या जेवणानंतर, सगळ्यांनाच थोडी थोडी. आधी एक-दोघींनाच होती, पण एकीने आरडाओरडा केला की बाकीच्याही सुरू होतात. आता कसं, कुणाला त्रास होत नाही.

"कुणाला?" प्रिसिलाने विचारलं.

मॅडम रेमंडकडे बघायला लागल्या. रेमंडने प्रिसिलाचा दंड धरला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "ताई, इथे तमाशा नको. आई जरा गप्प राहिली तर वाईट काय आहे?"

प्रिसिलाने दंड सोडवून घेतला. त्याच्या हातातला फॉर्म ओढून बघितला. सवयींच्या रकान्यात त्याने आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, आरडाओरडा करते. चाळीस वर्षं त्याच आवाजावर दोघा भावंडांचं पोट भरलं, त्याच आवाजावर हा शिकला, इंजिनिअर झाला, कौन्सिलवर जाऊन बसला.

"आईला शांत वाटावं असं नाही तुला वाटत," ती म्हणाली. "तिचा आवाज तुला ऐकायला नको आहे. आणि मलाही नको होता, म्हणून मी इथवर आले. थू आपल्या दोघांवर."

फॉर्मचे चार तुकडे करून तिने ते त्या चकचकीत लादीवर टाकले, आईचा हात धरला आणि बाहेर पडली. गाडीत बसायला नकार दिला. नाक्यापर्यंत चालत जाऊन रिक्षा केली आणि आई बाजूला बसून दिसेल त्याला पापलेट विकत असताना तिने जेन्सनला फोन लावला. गोळीचं सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टरांनी दिली असेल, तू का एवढी तापतेस, आई किती शांत आहे बघितलंस ना. त्याला शिव्या घालायला तिची जीभ वळवळत होती. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या जा. स्पीकर बंद करायला लाव. आईसमोर नमो मरिये म्हण आणि उत्तराची वाट बघ." आणि फोन ठेवला.

मनवेलपाड्यात पोचेपर्यंत दिवे लागले होते. विनिता तांदूळ निवडत बसली होती. ना काही फोन, ना पूर्वसूचना, तरी तिने कपाळाला आठी घातली नाही. जयवंतकाकांनी मॅग्डलीनबायला बघताच वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"इतके दिवस होतात कुठे?" ते म्हणाले. "तुमच्यापायी नुसत्या बोंबलावर भागवतोय."

आई त्यांच्यासमोर बसली आणि भाव सांगायला लागली. पाठोपाठ रेमंड आला, दारातच उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, की सगळे वेगळ्या धर्माचे आहेत इथे, रोझरीला आईला उत्तर कोण देणार. प्रिसिलाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत काका ओरडत होते, की या भावात तर मी सुरमई घेईन, आणि आई त्यांच्या वर आवाज चढवून त्यांना सुरमईतलं काय कळतं ते विचारत होती. विनिताने वही उघडून आईला काय हाक मारायची, चहा किती वाजता लागतो, कशाला घाबरते, असं एकेक विचारलं. शेवटी म्हणाली, शांत राहायला काही गोळी चालू आहे का.

"नाही," प्रिसिला म्हणाली. "आणि द्यायची नाही. बोलते ती. बोलू दे तिला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला जेन्सनचा फोन आला.  तो म्हणाला, की दहा वेळा म्हटलं ताई, दहा वेळा, आणि रडायला लागला.

प्रिसिलाला त्याची जराही कीव आली नाही. एक वर्ष ती बाई तशी बसून होती.

"रडतोस काय?" ती म्हणाली. "विनिताकडे एक खाट रिकामी आहे. पत्ता लिहून घे, आणि आजच आईला घेऊन निघ."