घसरणारं बोट

पियानोच्या काळ्या पट्टीवरून बोट घसरू द्यायचं नाही. मला शिकवणाऱ्या बाईंचा नियम.

भर उन्हाळ्यात सासूबाईंनी कपाटातून मफलर काढलाय. माझ्या सरावापासून कान वाचवायला.

व्हिएतनाममध्ये एकाच तारेचं एक वाद्य आहे. दांडी जराशी वाकवली की सूरही वाकतो.

पियानोचा वाकत नाही. दाबा, ढकला, पाया पडा.

तर हे सगळं माझ्या एका खोलीत येऊन बसलंय. माझ्या पियानोवादनाच्या कार्यक्रमाचा उत्तरार्ध मी व्हिएतनामी रचनांचा ठरवला. त्यांत मोठ्या सुराआधी एक चिमुकला सूर येतो, त्या तारेची नक्कल म्हणून. मी तो वाजवते माझ्या बाईंनी शिकवल्यासारखा: दोन बोटं, दोन सूर, लख्ख वेगळे.

"उचकी लागलीय का गं पेटीला?" सासूबाई आतून.

"पेटी नाही आई, पियानो."

"मग पियानोला पाणी पाज."

वैताग असा, की त्यांचं बरोबर होतं. पुन्हा वाजवलं. उचकी. पुन्हा. उचकीच. शेवटी चिडून एकच बोट काळ्या पट्टीवर आपटलं, ते घसरून शेजारच्या पांढरीवर पडलं.

आतून टोमणा आला नाही.

मग मुद्दाम घसरवलं. सूर वाकला. म्हणजे वाकला नाही, पण कान फसला.

बाई तालीम ऐकायला घरी आल्या. मी घसरवलं. त्यांनी पियानोच्या लाकडावर पेन्सिल आपटली.

"हे काय?"

"तिकडे सूर असाच..."

"तिकडचं तिकडे. हा हात मी घडवलाय."

"पण आहे माझा, बाई."

आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलले. चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातूनच परत फिरल्या.

"बरं," बाई म्हणाल्या. "कार्यक्रमात ऐकते. मग तोंडावर सांगते, संगीत आहे की आळस."

मला तेवढंच हवं होतं. बाकी कोणी काय म्हणेल ते म्हणो.

पूर्वार्ध बाईंच्या आवडीचा, बाईंच्या शिस्तीत. उत्तरार्धाला दिवे असे डोळ्यांवर सोडले, की पहिली रांगच गायब. मी बाईंच्या खुर्चीच्या अंदाजाने वाजवत राहिले. घसरवलं. हे बघा, बाई. हेही बघा. एकदा प्रमाणाबाहेर घसरलं, तेही दामटून नेलं. शेवटचा सूर विरेपर्यंत सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या. मी वाकले आणि, आता सांगा, म्हणून मान वर केली.

बाई मध्यंतरातच घरी गेल्या होत्या.